ब्राउझरमध्ये जुना मेनफ्रेम: लॅबमध्ये पोरांना दाखवावा का, आणि कुठला?

उद्यमबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथं विचारतो. मी बेळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन शिकवतो. रजिस्टर, मेमरी, इंटरप्ट, सगळं फळ्यावर होतं, पोरं पेपरात नीट लिहितात, मार्कही पडतात, खरं मशीनच्या आत काय चाललंय ते त्यांनी कधी डोळ्यानं बघितलेलं नसतं. लॅपटॉप उघडून दाखवला तरी बघायला काही नाही, सगळं एका चिपच्या पोटात.

सुट्टीत मला बरोज कंपनीच्या बी ५५०० चा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, सापडला. १९६४ चं मशीन आणि चालतंय थेट ब्राउझरमध्ये! पॉल किंपेल आणि नायजेल विल्यम्स यांनी जावास्क्रिप्टमध्ये अख्खं मशीन उभं केलंय. एका खिडकीत दिव्यांसकट कन्सोल, दुसरीत कार्ड रीडर, तिसरीत प्रिंटर, टेप ड्राइव्ह वेगळे. मी अल्गॉल या जुन्या भाषेत छोटासा प्रोग्रॅम टेक्स्ट फाइलमध्ये लिहिला. पहिल्या कार्डाच्या पहिल्या रकान्यात प्रश्नचिन्ह आणि पुढं कंपाइलचा हुकूम, शेवटच्या कार्डावर परत प्रश्नचिन्ह आणि एंड. फाइल रीडरच्या खिडकीत टाकून स्टार्ट दाबला, की गठ्ठा कमी कमी होत गेला, ऑपरेटरचा टेलिटाइप एकेक अक्षर छापायला लागला, आणि प्रिंटरच्या खिडकीत आधी माझा प्रोग्रॅम आला आणि त्याखाली उत्तर. मी खुर्चीवरून उठून बायकोला बोलावून आणलं.

आता प्रश्न. आमच्या लॅबमध्ये पोरांना काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही, ब्राउझर तेवढा उघडा असतो. म्हणून हे चालण्यासारखं आहे. सहकारी म्हणतात, साठ वर्षांपूर्वीचं मशीन दाखवून काय करणार. मला मनापासून वाटतं की दाखवावं. खरं दाखवायचं तर कुठलं मशीन, किती तास, आणि कसं? कुणी केलंय का असं काही?

संकेश्वरी_मिरची

मी पयली! :) धागा वाचनखूण म्हणून साठवला. सर, फोनवर चालतंय का हे?

उद्यमबागकर

@संकेश्वरी_मिरची, फोनवर जमत नाही. चार-पाच खिडक्या एकदम उघडतात, बारक्या स्क्रीनवर मावत नाहीत. आणि पॉपअप अडवणारं सेटिंग आधी काढावं लागतं, नाहीतर कन्सोल एकटंच येतं आणि रीडर कुठाय म्हणून शोधत बसायचं.

निपाणी_एक्सप्रेस

सर, विषय भारी काढलात. मी निपाणीचा, पुण्यात मेनफ्रेम सपोर्टला आहे, रोज कोबोल ही भाषा आणि जेसीएल, म्हणजे मशीनला काम सांगायचे हुकूम, यांच्याशीच गाठ. माझं मत, पोरांना दाखवायचं तर आयबीएमचंच दाखवा. सिस्टीम ३६० ची घोषणा झाली ७ एप्रिल १९६४ ला, आणि त्या काळात लिहिलेले प्रोग्रॅम आजच्या झेड मशीनवरही चालवता येतात. म्हणजे हे म्युझियम नाही, चालू दुकान आहे. रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये हर्क्युलिस एम्युलेटर काढला, त्यावर एमव्हीएस ३.८ जे ही आयबीएमची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम फुकट चालते, टीके४ नावाचं तयार पॅकेज मिळतं. ते ब्राउझरमध्ये नाही, इन्स्टॉल करावं लागतं, खरं तुम्ही एका सर्व्हरवर हर्क्युलिस ठेवा आणि पोरांना ब्राउझरमधून ३२७० टर्मिनल, म्हणजे मेनफ्रेमची काळी स्क्रीन, द्या.

पोरांना नोकरी लागायला पण उपयोग होईल. आमच्या टीममध्ये नवीन पोरगं आलं की पहिले काही महिने ते काळ्या स्क्रीनला घाबरूनच जातं.

गोकाकचा_धबधबा

मी सरळ बोलतो, राग मानू नका. सेमिस्टरला तास किती असतात तुम्हाला माहीत आहे, मलापण माहीत आहे, मीही शिकवतो. सिलॅबसात एआरएम हा आजचा प्रोसेसर आहे. पोरांना तीनशे-चारशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड हातात दिला तर ती रजिस्टरमध्ये बिट टाकतात आणि समोर एलईडी पेटतो. मशीनच्या आत काय चाललंय ते तिथंही दिसतं, आणि ते आजचं असतं. जुन्या मशीनचं कौतुक मलाही आहे, खरं वर्गाचा वेळ पोरांचा आहे, आपल्या हौसेचा नव्हे.

संकेश्वरी_मिरची

धबधब्याला पहिल्याच दिवशी जोर आलाय :) खरं मुद्दा बरोबर आहे त्यांचा. उत्तर द्या सर.

मलप्रभा

मी खानापूरची, सध्या बेंगळुरात वेबवर काम करते, त्यामुळं हे एम्युलेटर आतून कसे चालतात ते थोडं सांगते. मला वाटतं धबधबासाहेबांच्या आक्षेपाला उत्तर तिथंच आहे.

बी ५५०० चा शब्द ४८ बिटांचा. जावास्क्रिप्टमधला आकडा आतून फ्लोटिंग पॉइंट असतो, तो पूर्णांक अचूक धरतो दोनाच्या ५३ व्या घातापर्यंत. म्हणजे अख्खा ४८ बिटांचा शब्द एका आकड्यात बसतो! हा नशिबाचा भाग. खरं गंमत पुढं आहे. जावास्क्रिप्टचे अँड, ऑर, शिफ्ट हे बिटवाले ऑपरेटर ३२ बिटांच्या पुढं बघतच नाहीत, वरचे बिट गुपचूप कापून टाकतात. मग शब्दाच्या मधले सहा बिट काढायचे तर काय? दोनाच्या घातानं भागायचं, अपूर्णांक टाकून द्यायचा, परत बाकी काढायची. चौथीतला भागाकार. आणि गुणाकार आला की आणखी पंचाईत, कारण मँटिसा, म्हणजे आकड्याचे मुख्य अंक धरणारा भाग, ३९ बिटांचा, दोन मँटिसांचा गुणाकार ७८ बिटांपर्यंत जातो, तो ५३ मध्ये मावत नाही, तुकडे करून करावा लागतो.

३६० चा शब्द ३२ बिटांचा, तिथं उलटी डोकेदुखी. बिटचे ऑपरेटर चालतात, खरं सगळ्यात वरचा बिट लागला की आकडा ऋण होऊन बसतो, प्रत्येक वेळी त्याला धन करून घ्यावं लागतं.

आता सांगा, एखाद्या पोरीला "या शब्दातले ठरावीक सहा बिट भागाकार करून बाहेर काढ" असं गृहपाठाला दिलं तर तिला वर्ड लेंग्थ म्हणजे काय ते परत शिकवावं लागेल का? बोर्डवर एलईडी पेटवणं चांगलंच आहे, मीही तेच करत शिकले. खरं मशीन वापरणं वेगळं आणि मशीन लिहिणं वेगळं. एम्युलेटरचा सोर्स ब्राउझरमध्येच उघडता येतो, ब्रेकपॉइंट लावून एकेक सूचना पुढं नेता येते. कुठल्याही चिपमध्ये हे असं उघडं मिळत नाही.

चिकोडीकर

+१ मलप्रभा. सुंदर प्रतिसाद.

टिळकवाडी_काका

हा धागा नातीनं दाखवला, म्हणून लिहायला बसलो. मी १९७० च्या सुमारास मुंबईत एका मोठ्या ऑफिसात डेटा प्रोसेसिंगला लागलो, आमच्याकडं आयबीएम १४०१ होतं. त्या काळी देशात या मशीनचा बोलबाला होता, रेल्वेपासून विम्यापर्यंत. त्याच्याबद्दल थोडं सांगतो.

१४०१ ची मेमरी जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. आमच्यात त्याहून कमीच होती. मेमरीतली जागा ठरलेली असायची. १ ते ८० मध्ये वाचलेलं कार्ड, १०१ ते १८० मध्ये पंच करायचं कार्ड, २०१ ते ३३२ मध्ये प्रिंटची ओळ. मशीन सुरू करायचं म्हणजे रीडरवर गठ्ठा ठेवून लोड बटण दाबायचं, पहिलं कार्ड १ ते ८० मध्ये जायचं आणि मशीन तिथूनच हुकूम पाळायला लागायचं. त्या एका कार्डात पुढची कार्डं कशी वाचायची ते लिहिलेलं. आम्हाला बूट हा शब्द कुणी शिकवला नाही, कार्ड हातात धरून समजलं.

गठ्ठ्याचा एक नियम होता. कार्डं नीट ठोकून सरळ केली की वरच्या कडेवर फेल्ट पेननं एक तिरपी रेघ मारायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गठ्ठा हातातून पडला तर ती रेघ परत जुळवत कार्डं लावायची. नवीन कार्ड मध्ये घातलं की तेवढं पांढरं दिसायचं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठं दुरुस्ती झालीय ते लांबून कळायचं. आमच्याकडच्या पंच ऑपरेटर बाया इतक्या वेगानं मारायच्या आणि चूक इतकी कमी, की व्हेरिफायरवर, म्हणजे कार्डं तपासायच्या मशीनवर, बसणाऱ्या बाईला दिवसातून मोजकीच कार्डं परत पाठवावी लागायची. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात येत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितोय.

१४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा. झाकण उघडं राहिलं की पत्र्यावर वळवाचा पाऊस. एम्युलेटरमध्ये तो आवाज आहे काय हो?

१९७८ मध्ये आयबीएम देशातून गेली, मग मशीनची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडं आली आणि ती जुनी मशीन पुढंही कितीतरी वर्षं चालली. सुटे भाग कमी, तरी चालली.

बेळगुंदीचा_पोर

काका ____/\____ असे प्रतिसाद वाचायलाच इथं येतो मी.

संकेश्वरी_मिरची

काका, तिरप्या रेघेचं आज पहिल्यांदा वाचलं. एवढी साधी आणि एवढी हुशारीची गोष्ट. आमच्या घरी लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा पडला तेव्हा कुणाला सुचलं नाही!

गोकाकचा_धबधबा

काका, तुमच्या अनुभवाला नमस्कार. खरं बघा, तुम्ही सांगितलंत त्यातलं निम्मं एम्युलेटरमध्ये येतच नाही. कार्डाचं वजन नाही, गठ्ठा पडत नाही, पंच करणाऱ्या बाया नाहीत. ब्राउझरमध्ये काय राहतं? खिडकीत चित्र. मलप्रभा, तुमचा मुद्दा पटला, खरं तो "एम्युलेटर लिहा" असा आहे, "एम्युलेटर चालवा" असा नाही. तिसऱ्या सेमिस्टरची पोरं एम्युलेटर लिहिणार आहेत का?

उद्यमबागकर

@गोकाकचा_धबधबा, चित्र नाही ओ. खिडकीतलं कार्ड रीडर चित्र असेल, खरं त्याच्यामागं जी सिस्टीम चालतेय ती त्या काळची खरी आहे. एमसीपी ही ऑपरेटिंग सिस्टीम, अल्गॉलचा कंपायलर, बिट न् बिट तेच, जुन्या टेपवरून वाचून घेतलेलं. युनिसिसनं हौशी लोकांना ते वापरायची परवानगी दिलीय म्हणून चालतंय. मशीन नकली, सॉफ्टवेअर अस्सल. कंपायलरला कळत पण नाही की आपण आत्ता बेळगावात एका ब्राउझरच्या टॅबमध्ये आहोत.

आणि ते सॉफ्टवेअर वाचण्यासारखं आहे. बरोजनं या मशीनला असेंब्ली भाषा दिलीच नाही, ऑपरेटिंग सिस्टीम सुद्धा अल्गॉलच्या एका भावंडात, एस्पॉलमध्ये लिहिली. मशीन स्टॅकवर चालतं. वर्गात आम्ही पोस्टफिक्स शिकवतो, अ अधिक ब गुणिले क ला आधी अ, ब, क, मग गुणा, मग बेरीज असं उलटं करून दाखवतो, पोरं विचारतात याचा उपयोग काय. बी ५५०० मध्ये तोच मशीनचा कोड आहे! १२ बिटांची एक सिलॅबल, एका शब्दात चार. कंपायलरनं काय बनवलं ते छापून घेतलं की पोस्टफिक्स समोर दिसतं. व्हर्च्युअल मेमरीची कल्पना तर आधीच्या बी ५००० पासूनच त्यांच्या डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे माल कुठं आहे ते सांगणाऱ्या शब्दात, होती, एका बिटावरून कळतं की माल मेमरीत आहे का डिस्कवर.

निपाणी_एक्सप्रेस

सर, हे मला माहीत नव्हतं, बरोज वाचून बघतो. तरी आयबीएमची बाजू सोडत नाही :)

आमच्यात रोजचा शब्द म्हणजे एस-झिरो-सी-सेव्हन हा एररचा कोड. रात्री दोनला फोन येतो, जॉब ॲबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला, उघडून बघावं तर हेच. आकड्याच्या जागी कुठूनतरी स्पेस आल्या. एब्सिडिक या आयबीएमच्या अक्षरांच्या कोडमध्ये स्पेस म्हणजे हेक्स ४०. आकडा पॅक करताना, म्हणजे कमी जागेत बसवताना, शेवटच्या बाइटची दोन अर्धुकं उलटतात, म्हणजे जिथं चिन्हाचं सी, डी नाहीतर एफ पाहिजे तिथं ४ येऊन बसतो. मशीन म्हणतं हा आकडाच नव्हे, आणि थांबतं. हे हर्क्युलिसवर अगदी असंच होतं, कारण ते सूचनेच्या पातळीवर ३६० च्या पुढचं ३७० च आहे. मी नवीन पोरांना तिथंच मुद्दाम ॲबेंड करायला लावतो, डंप, म्हणजे मेमरीची छापील प्रत, काढायला लावतो, ४ कुठाय ते शोधायला लावतो. एकदा शोधला की जन्मात विसरत नाहीत.

म्हणजे धबधबासाहेब, नुसतं चालवून पण शिकता येतं, लिहिलाच पाहिजे असं नाही. मोडून बघायला मिळालं पाहिजे. ऑफिसच्या खऱ्या मशीनवर कोण मोडून देणार?

बेळगुंदीचा_पोर

मी बी ५५०० काल रात्री कॉलेजच्या लॅबमध्ये बसून करून बघितलो. कोल्ड स्टार्ट, म्हणजे रिकाम्या डिस्कवरनं सुरुवात, केलो, टेपवरनं सगळं डिस्कवर घेतलो, कंपायलर चाललं, लय खुश झालो. आज सकाळी परत जाऊन उघडलो तर डिस्कच नाही! सगळं परत पयल्यापासनं. हे असं का होतंय कुणी सांगेल काय?

मलप्रभा

@बेळगुंदीचा_पोर, तुझी डिस्क ब्राउझरच्या इंडेक्स्ड-डीबीमध्ये होती. एम्युलेटरला बाहेर फाइल लिहायची मुभा नसते, म्हणून अख्खी डिस्क तो ब्राउझरच्या पोटात ठेवतो. बऱ्याच लॅबमध्ये पीसी बंद केला की प्रोफाइल पुसलं जातं, त्याबरोबर डिस्क पण गेली. इन्कॉग्निटोमध्ये उघडलं तरी तेच होणार, खिडकी मिटली की संपलं. दुसरं एक लक्षात ठेव, हा साठा पत्त्याला बांधलेला असतो. त्याच सर्व्हरचा पोर्ट बदलला तरी ब्राउझरच्या दृष्टीनं ते नवीन दुकान, तिथं जुनी डिस्क दिसणार नाही.

उपाय म्हणजे काम झालं की आपल्या फाइली एम्युलेटरच्या टेपवर लिहायच्या आणि त्या टेपची इमेज पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायची. त्या काळी ऑपरेटर रोज संध्याकाळी हेच करायचे.

आणि टॅब मागं टाकून दुसरं काही बघत बसू नकोस. मागच्या टॅबचे टायमर ब्राउझर सेकंदाला एक एवढे हळू करतो, कंपाइल रखडत बसेल. स्वतःचं मशीन कुणी लिहीत असेल तर प्रोसेसर वेब वर्करमध्ये, म्हणजे पानापासून वेगळ्या चालणाऱ्या भागात, ठेवा आणि दिवे तेवढे मुख्य पानावर. प्रत्येक सूचनेला दिवा रंगवत बसलं तर सगळा वेळ रंगवण्यातच जातो. दिवा किती वेळ पेटलेला होता त्याची सरासरी काढायची आणि तेवढा उजेड दाखवायचा, म्हणजे खऱ्या बल्बसारखा मंद-तेज दिसतो.

टिळकवाडी_काका

पोरा, खऱ्या मशीनमध्ये एक सोय होती. कोअर मेमरी म्हणजे फेराइटच्या बारक्या बारक्या कड्या, प्रत्येक कडीतून तारा ओवलेल्या. कडी एका दिशेनं चुंबकली की एक, उलट्या दिशेनं की शून्य. वीज गेली तरी कडी तशीच राहते. मशीन बंद करून घरी जावं, सकाळी येऊन चालू करावं, मेमरीतलं जागच्या जागी. आता तुमचा टॅब मिटला की सगळं जातं म्हणता, हे ऐकून नवल वाटलं.

चिकोडीकर

आमच्याकडं उन्हाळ्यात रोज दुपारी लाइट जाते, फेराइटच्या कड्याच बऱ्या होत्या म्हणायच्या :)

थोडं विषयांतर. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी बनवलेला टिफ्रॅक हा कॉम्प्युटर होता. आर. नरसिंहन यांच्या गटानं केलेला, १९६० मध्ये चालू झाला, १९६२ मध्ये नेहरूंनी नाव दिलं. ४० बिटांचा शब्द, फेराइट कोअरची मेमरी. आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० आलं आणि प्रा. राजारामन यांनी तिथं फोरट्रान शिकवायला सुरुवात केली. पुण्यात आयसीएलची १९०० मालिकेतली मशीन जोडली जायची. आपण एम्युलेटर म्हटलं की सगळं अमेरिकेचं बोलतो. टिफ्रॅक ब्राउझरमध्ये आणायचा कुणी विचार केलाय का? त्याच्या सूचनांचा तक्ता आणि एखादी प्रोग्रॅमची टेप मिळाली तर?

मलप्रभा

@चिकोडीकर, मला फार आवडेल. टीआयएफआरचं स्वतःचं अर्काइव्ह आहे, तिथं रीतसर पत्र लिहून विचारता येईल. सूचनांचा तक्ता मिळाला तर ४० बिट जावास्क्रिप्टच्या एका आकड्यात आरामात बसतात, एम्युलेटर लिहिणं हा काही मोठा डोंगर नाही. डोंगर सॉफ्टवेअरचा. बी ५५०० मध्ये जीव आहे तो त्या टेपमुळं. टेप नसेल तर आपण दिवे लावणारं रिकामं कपाट बनवू. म्हणून कुणाच्या घरी माळ्यावर जुन्या लिस्टिंगचे कागद, मॅन्युअल, कार्डं असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. एक एक पान स्कॅन करा. काका, तुमच्याकडं काही आहे?

टिळकवाडी_काका

एक १४०१ च्या ऑटोकोडर भाषेची वही आहे, माझ्या अक्षरात. आणि थोडी कार्डं, बायको वाणसामानाची यादी लिहायला वापरायची, त्यातली उरलेली. नातीला सांगतो फोटो काढायला.

निपाणी_एक्सप्रेस

काका, वही सोन्यासारखी जपा! पुढच्या वेळी बेळगावला आलो की मी स्वतः येऊन स्कॅन करून देतो.

चिकोडीकर

मूळ प्रश्नाकडं येतो. सर, वर मी १६२० चं नाव घेतलं ते उगीच नाही. पोरांना पहिलं मशीन म्हणून बी ५५०० जड जाईल, एमव्हीएस तर त्याहून जड, जेसीएल समजेपर्यंत तास संपेल. किंपेल यांनीच १६२० मॉडेल १ चा पण ब्राउझर एम्युलेटर केलाय. ते घ्या.

कारण सांगतो. १६२० दशमान मशीन आहे. मेमरी म्हणजे २०,००० अंक, शून्य ते नऊ. बायनरी येत नसेल त्या पोराला पण वाचता येतं. आणि त्याच्यात बेरीज करणारं सर्किटच नाही! बेरजेचा पाढा मेमरीत ३०० ते ३९९ या घरांत लिहिलेला असतो, गुणाकाराचा १०० ते २९९ मध्ये. सात अधिक पाच करायचे म्हणजे ३७५ नाहीतर ३५७ व्या घरात बघायचं, दोन्हीकडं २ लिहिलेला आणि त्यावर फ्लॅग. फ्लॅग म्हणजे हातचा एक.

आता मजा. सूचना १२ अंकांची, दोन अंक हुकमाचे, पाच-पाच अंक पत्त्यांचे. १५ हा हुकूम एक अंक उचलून सांगितलेल्या घरात ठेवतो. टाइपरायटरवर इन्सर्ट दाबून १५ ००३७५ ००००३ असं लिहायचं, तीनवर फ्लॅग लावून. ३५७ साठी तसंच दुसरं, शेवटी ४८ म्हणजे थांब. रिलीज, स्टार्ट. यापुढं ते मशीन सात अधिक पाच तेरा सांगेल, बिनधास्त. फ्लॅग लावला नाही तर हातचाच जाईल आणि उत्तर येईल नुसतं तीन.

मी हायस्कूलला गणित शिकवतो, आठवीच्या पोरांना प्रोजेक्टरवर हे दाखवलं होतं. मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, मग सर, सगळा पाढाच आठपर्यंतचा लिहिला तर? म्हणजे तिनं ऑक्टल, आठच्या पायाची मोजणी, स्वतःहून काढलं. मी तिथं काही शिकवलं नव्हतं.

उद्यमबागकर

चिकोडीकर, हे वाचून मी आत्ता करून बघितलं आणि खरंच तेरा आलं. तासाला जे दाखवायचं म्हणून मी शोधत होतो ते हेच. बेरीज म्हणजे आत काय होतं, तर हे होतं, आणि ते हातानं बदलता येतं.

गोकाकचा_धबधबा

हे मात्र मान्य. पाढा बदलून बेरीज बिघडवणं कुठल्याही बोर्डवर दाखवता येणार नाही. माझा आक्षेप वेळेचा होता आणि तो कायम आहे, एआरएमचे तास कापू नका. खरं एक प्रॅक्टिकल १६२० ला द्या, मी पण माझ्या बॅचला देतो. आमच्याकडं अर्धी पोरं कन्नड माध्यमातून आलेली, सूचनांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत पाहिजे. नुसता इंग्लिश कागद दिला तर पोरं टाइप करतील, समजून घेणार नाहीत.

उद्यमबागकर

कागद दोन्ही भाषांत करूया, हे माझ्या मनातलं बोललात. तर आत्तापुरतं असं ठरवतोय: एक प्रॅक्टिकल १६२० चं, पाढा बदलायचं. दुसरं बी ५५०० चं, फक्त एक अल्गॉलची ओळ कंपाइल करून तिचा पोस्टफिक्स कोड वाचायचा, डिस्क मी आधीच तयार करून ठेवेन म्हणजे कोल्ड स्टार्टमध्ये तास जाणार नाही. निपाणी_एक्सप्रेस, ज्यांना नोकरीच्या दृष्टीनं पाहिजे त्यांच्यासाठी शनिवारी हर्क्युलिस, तुम्ही ऑनलाइन याल काय? तो हेक्स ४० वाला ॲबेंड पोरांना तुमच्याच तोंडून ऐकू दे.

काका, तुम्हाला कॉलेजात बोलावलं तर याल का? गाडी पाठवतो.

निपाणी_एक्सप्रेस

येतो की. शनिवार मोकळा ठेवतो, ॲबेंड घेऊनच येतो.

टिळकवाडी_काका

येईन. गाडी नको, टिळकवाडीहून रिक्षानं येतो. उरलेली कार्डं घेऊन येतो, पोरांना हातात धरू देत. रेघ मारून दाखवतो. फेल्ट पेन तेवढं तुमच्याकडचं.

बेळगुंदीचा_पोर

सर, मी तुमच्या कॉलेजचा नाही, दुसऱ्या कॉलेजचा आहे, आलो तर चालतंय काय? टेपची इमेज पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवलोय आता.

उद्यमबागकर

ये की, सोबत मित्रांना पण आण. पेन ड्राइव्ह विसरू नको.

चिकोडीकर

कन्नड कागदाचं मी बघतो, आमच्या शाळेतले कन्नडचे सर मदत करतील. मराठी मसुदा तुम्ही आधी इथं टाका, त्यात ३५७ आणि ३७५ दोन्ही घरं बदलायची ते ठळक लिहा.